मातीतल्या किड्यांची तोंडं बघण्यात आयुष्य घालवणारी माणसं नेमकं करतात काय?

जुलै २०२३ मध्ये एक बातमी जगभर फिरली. सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून काढलेला एक किडा ४६ हजार वर्षांनी जागा झाला, आणि जागा होऊन नुसता पडून राहिला नाही तर खायला लागला, अंडी घालायला लागला. मग २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना, आणि त्यांचं मूळ कामही एका मिलिमीटरभर किड्यावरचं निघालं. दोन्ही वेळेला लोकांचे प्रश्न साधारण तेच. असले किडे सापडतात कोणाला? आणि मुळात मातीत किडे शोधत बसायची नोकरी असते का?

असते. तीस-चाळीस वर्षं करता येते, आणि त्यातला बहुतेक वेळ मातीत नाही, मायक्रोस्कोपपुढे जातो. ही माणसं काय करतात ते कळलं की वरच्या दोन्ही बातम्या अर्ध्या तरी आपोआप कळतात, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

## आधी किडा

या किड्यांना सूत्रकृमी म्हणतात, शास्त्रज्ञ म्हणतात नेमॅटोड. पाय नाहीत, हाडं नाहीत, फुप्फुसं नाहीत, रक्तबिक्त काही फिरत नाही. एक पारदर्शक नळी, तिच्या आत दुसरी नळी म्हणजे अन्नमार्ग, आणि दोन्हींच्या मध्ये दाबाखाली भरलेला द्रव. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने, त्यामुळे गांडुळासारखं जाड-बारीक होत पुढे सरकणं याला जमत नाही, नुसतं वळवळणं जमतं (गांडुळाशी याचं जवळचं नातंही नाही, ते वेगळं खानदान). मातीतले बहुतेक सूत्रकृमी अर्धा ते दीड मिलिमीटर लांब, केसापेक्षा बारीक आणि वर काचेसारखे आरपार, म्हणजे तळहातावर घेतलेल्या मातीत शेकडो असले तरी तुम्हाला एकही दिसणार नाही.

आणि राहतात मातीत असं आपण म्हणतो खरं, पण खरं तर ते पाण्यातले प्राणी आहेत. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ थर असतो ना, त्यात हे पोहतात. तो थर सुकला की यांची हालचाल बंद. हे लक्षात ठेवा, पुढे ४६ हजार वर्षांच्या गोष्टीत लागणार आहे.

किती आहेत? २०१९ मध्ये जगभरातल्या ६,७५९ मातीच्या नमुन्यांवरून एक मोठा अंदाज काढला गेला, जमिनीच्या फक्त वरच्या १५ सेंटिमीटरचा. आकडा आला ४४ आणि त्यापुढे एकोणीस शून्यं. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे साधारण ५,७०० कोटी. सगळ्यांचं मिळून वजन अंदाजे ३० कोटी टन, म्हणजे सगळ्या मानवजातीच्या वजनाच्या ८० टक्के वगैरे. त्यातही गंमत अशी की सगळ्यात जास्त सूत्रकृमी उष्ण जंगलांत सापडले नाहीत, उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत सापडले, जवळपास ३८ टक्के. तिथे कुजायचं बाकी असलेलं सेंद्रिय द्रव्य साठून असतं, आणि त्यावर जगणारे बॅक्टेरिया-बुरशी म्हणजे यांचं जेवण.

## म्हणजे पोटातले जंत तेच का हे?

कुळ तेच, पण प्राणी वेगळे. माणसाच्या आतड्यातला मोठा गोल जंत, लहान मुलांना होणारे बारीक पांढरे जंत, हे सगळे सूत्रकृमीच. मातीतल्या बहुसंख्य जातींना मात्र माणसाशी काही देणंघेणं नाही, गिळले गेले तर ते पचून जातील. अंकुशकृमीसारखे काही मोजके बालपण मातीत काढतात आणि मग अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, पण ते अपवाद. आणि या कुळाचा पसारा किती असावा, तर स्पर्म व्हेलच्या वारेत (प्लॅसेंटामध्ये) सापडलेली एक जात आठ मीटरच्या आसपास लांब भरते. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत १.३ किलोमीटर खोल खडकाच्या भेगेतल्या पाण्यात एक जात मिळाली, २०११ मध्ये तिचं नाव ठेवलं मेफिस्टो, म्हणजे जुन्या जर्मन कथेतला सैतान. शास्त्रज्ञांनाही कधीतरी मजा करावीशी वाटते.

## दिसतच नाही तर मातीतून काढायचा कसा?

इथून पुढे नोकरी सुरू. मातीचा नमुना घ्यायचा म्हणजे फावडं मारून पिशवी भरायची नाही. एकाच जागी खच्चून किडे आणि हातभर अंतरावर काहीच नाही असं सर्रास होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणांहून बारीक नळीने थोडी थोडी माती घेऊन एकत्र करतात. पिशवी उन्हात राहिली तर आतले किडे मरतात, आणि मेलेला किडा बाहेर येत नाही, म्हणजे काम तिथेच संपलं.

काढायची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत इतकी साधी आहे की ऐकून फसवल्यासारखं वाटेल. १९१७ मध्ये डच ईस्ट इंडीजमध्ये (म्हणजे आजच्या इंडोनेशियात) काम करणारे बेअरमन नावाचे डॉक्टर मातीतली अंकुशकृमीची पिल्लं शोधत होते. त्यांनी एक फनेल घेतलं, खाली रबरी नळी लावून ती चिमट्याने बंद केली, फनेलमध्ये पाणी भरलं आणि कापडात गुंडाळलेली माती त्यात अर्धवट बुडवून ठेवली. जिवंत किडे वळवळत कापडातून बाहेर येतात, त्यांना पोहून वर जाता येत नाही त्यामुळे हळूहळू तळाशी जमतात, एक-दोन दिवसांनी चिमटा सोडायचा आणि खालचं थोडंसं पाणी घ्यायचं. शंभर वर्षं झाली, बेअरमन फनेल नावाने ते आजही जगभरच्या लॅबमध्ये तसंच्या तसं वापरलं जातं.

पण यातही एक गोम आहे. जे किडे चपळ तेच बाहेर येतात. काही जाती इतक्या मंद असतात की त्या कापडापर्यंत पोचतच नाहीत, आणि काहींची अंडी टणक पुटकुळीत बंद असतात, ती हलणार कशी? मग त्यांच्यासाठी चाळण्या, किंवा साखरेच्या दाट पाण्यात फिरवून तरंगवणं, असे वेगळे उपाय. म्हणजे "या मातीत इतके किडे आहेत" हे वाक्य वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा, काढले कसे? पद्धत बदलली की आकडा बदलतो, आणि बातम्यांत पद्धत कधी लिहिलेली नसते.

## सगळी गंमत तोंडात आहे

बशीत आता काही शे बारीक रेघा वळवळतायत. सगळ्यांचं धड सारखंच. ओळखायचं कसं? तर एक, हलक्या उष्णतेने मारायचं. मरताना प्रत्येक गटाची एक ठरलेली ढब असते, कोणी सरळ काडी होतो, कोणी किंचित वाकतो, एक गट तर पूर्ण गुंडाळी करतो, आणि अनुभवी माणूस मायक्रोस्कोप जवळ आणायच्या आधीच त्यावरून अंदाज बांधतो. आणि दोन, तोंड बघायचं.

बॅक्टेरिया खाणाऱ्याचं तोंड म्हणजे साधी पोकळी, पाण्याबरोबर बॅक्टेरिया आत ओढायचे आणि मागच्या गोल स्नायूत भरडायचे. काहींच्या ओठांवर नक्षीदार फाटे असतात, बघत राहावं असे. बुरशी किंवा मुळं खाणाऱ्यांच्या तोंडात एक पोकळ सुई असते, ती पेशीत खुपसायची, लाळ सोडायची आणि आतलं शोषून घ्यायचं. मुळं खाणाऱ्यांची सुई बहुतेक वेळा जाड, तळाशी गुठळ्या असलेली. आणि शिकारी सूत्रकृमींचं तोंड मोठं, आत चक्क दात, हे दुसऱ्या सूत्रकृमींना खातात.

म्हणजे तोंड कळलं की जेवण कळलं, आणि जेवण कळलं की तो किडा मातीत काय काम करतो ते कळलं. हे वाचायला सोपं वाटतं, पण कुठलं कुळ नक्की काय खातं याची पद्धतशीर यादी व्हायला १९९३ उजाडलं. न्यूझीलंडचे ग्रेगर येट्स यांनी चार सहकाऱ्यांबरोबर ती केली आणि आहाराचे आठ गट पाडले. येट्स यांची सुरुवात समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतल्या सूत्रकृमींपासून झाली होती, आता तुम्हीच विचार करा, पीएचडीला कोणी असा विषय घेतला तर घरचे काय म्हणतील. पण आज जगात कुठेही मातीतल्या सूत्रकृमींवर पेपर निघाला तर त्या यादीचा संदर्भ बहुतेक येतोच.

## ही विद्या सुरू कोणी केली

पाहणारे आधीही होते. १७४३ मध्ये नीडम नावाच्या इंग्रज माणसाने गव्हाचा काळा पडलेला दाणा फोडून पाण्यात टाकला आणि आतली धाग्यांची गुंतवळ हलायला लागली, तो वनस्पतीतल्या सूत्रकृमीचा पहिला पुरावा. पण याचं स्वतंत्र शास्त्र व्हावं असा हट्ट धरणारा माणूस म्हणजे अमेरिकेचा नेथन ऑगस्टस कॉब.

कॉबचं करिअर आजच्या कुठल्याही करिअर सल्लागाराला चक्कर आणेल. जन्म १८५९, मॅसॅच्युसेट्सचा. आधी शाळेत शिकवलं, मग बायको-मुलांसकट जर्मनीतल्या येनाला जाऊन १८८८ मध्ये सूत्रकृमींवरच डॉक्टरेट मिळवली. मग ऑस्ट्रेलिया. न्यू साउथ वेल्सच्या कृषी खात्यात पिकांच्या रोगांचा तज्ज्ञ म्हणून लागला आणि गव्हाचा तांबेरा, उसाचे रोग, काय येईल ते बघितलं. १९०५ ला हवाई, ऊसवाल्यांसाठी. १९०७ ला अमेरिकेच्या कृषी खात्यात, तिथे कापसाची प्रत ठरवायची मानकं करण्याचं काम गळ्यात पडलं. म्हणजे पगार बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा आणि सूत्रकृमी बरोबरीने चालू. मला यात काही दुर्दैवी वगैरे वाटत नाही, उलट इतकी पिकं आणि इतके देश बघितल्यामुळेच याला कळलं असावं की हा किडा सगळीकडे आहे आणि याच्यावर स्वतंत्र माणसं बसवल्याशिवाय भागणार नाही.

हात त्याचा विलक्षण होता. मायक्रोस्कोपची साधनं स्वतः बनवायचा, चित्रं स्वतः काढायचा. स्लाइडसाठी त्याने ॲल्युमिनियमची एक चौकट काढली, किडा दोन पातळ काचांच्या मध्ये, म्हणजे स्लाइड उलटी करून दुसऱ्या बाजूनेही बघता येते. साधी वाटणारी गोष्ट, पण एक मिलिमीटरच्या किड्याची डावी-उजवी बाजू बघायची असेल तर याशिवाय पंचाईत. १९१४ सालच्या कृषी खात्याच्या वार्षिकात त्याने सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला, त्यातली कल्पना अजून सगळे सांगतात, की जगातून सूत्रकृमी सोडून बाकी सगळं नाहीसं झालं तरी डोंगर, नद्या, समुद्र, झाडांच्या रांगा यांचा आकार नुसत्या उरलेल्या सूत्रकृमींवरून अंधुक का होईना ओळखता येईल. १९३२ मध्ये तो गेला तोपर्यंत या विषयाचं खातं उभं राहिलं होतं.

दुसरा एक माणूस सांगायलाच हवा, एमिल मोपा. अल्जियर्सच्या ग्रंथालयात ग्रंथपाल, प्राणीशास्त्र हा फावल्या वेळातला उद्योग. १९०० साली त्याने तिथल्या मातीतल्या एका सूत्रकृमीचं वर्णन छापलं. त्या किड्याला आज सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स म्हणतात. सिडनी ब्रेनर यांनी साठच्या दशकात तोच प्रयोगासाठी निवडला, कारण तीन-चार दिवसांत पिढी, अंग आरपार, आणि पेशी मोजता येतील इतक्याच, त्यातल्या मज्जापेशी ३०२. २००२, २००६, २००८ आणि २०२४, चार नोबेलं या एका जातीवरच्या कामाला. मुळाशी कोण, तर पुस्तकं सांभाळणारा एक माणूस ज्याने तोंड-शेपूट नीट बघून नाव दिलं. पैसे देणाऱ्या कुठल्याही समितीने १९०० साली त्याला विचारलं असतं की याचा उपयोग काय, तर तो काय सांगणार होता?

## पण हे पिकांचे शत्रू ना? मारून टाकू सगळे

काही आहेत शत्रू, आणि जबरदस्त आहेत. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी घ्या. त्याचं पिल्लू मुळाच्या टोकाशी आत शिरतं, लाळेतून असं काही सोडतं की तिथल्या पेशी फुगून राक्षसी होतात आणि त्या किड्याच्या अन्नकोठ्या बनतात. मादी तिथेच बसून फुगते आणि चिकट पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. वरून काय दिसतं, तर पानं पिवळी, पाणी असूनही दुपारी झाड मान टाकतं, आणि माणूस समजतो खत कमी पडलं. झाड उपटल्याशिवाय कळत नाही. नेमकी जात कोणती हे ठरवायला तज्ज्ञ मादीच्या मागच्या टोकाची कातडी ब्लेडने कापून तिच्यावरच्या रेषांची नक्षी बघतात, एक मिलिमीटरपेक्षा लहान किड्याची, हाताने. काही जाती थेट खाण्यापेक्षा रोग पसरवून नुकसान करतात. १९५८ मध्ये द्राक्षवेलीच्या एका व्हायरसचा वाहक सूत्रकृमी असल्याचं सिद्ध झालं, तोपर्यंत व्हायरस मातीतून येतो इतकंच माहीत होतं, आणतो कोण ते नाही.

मग विषं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीत सोडायची वायुरूप औषधं धडाधड निघाली आणि पिकं खरंच सुधारली. पण डीबीसीपी नावाच्या औषधाने काय केलं बघा. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातल्या कामगारांना मुलं होत नाहीत असं लक्षात आलं, तपासणीत शुक्राणू फार कमी किंवा नाहीतच. १९७९ मध्ये अमेरिकेत त्यावर जवळपास पूर्ण बंदी आली. मिथाइल ब्रोमाइड नावाचं दुसरं औषध ओझोनचा थर खातं म्हणून माँट्रियल करारात अडकलं.

आणि समजा अगदी निर्धोक विष मिळालं, तरी सगळे मारून चालणार नाही. बॅक्टेरियांच्या अंगात नायट्रोजन भरपूर असतो, तो खाणाऱ्या सूत्रकृमीला तेवढा लागत नाही, जास्तीचा तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि ते झाडाच्या मुळांना हवंच असतं. १९८५ मध्ये छापून आलेल्या कुंड्यांमधल्या प्रयोगात बॅक्टेरिया आणि त्यांना खाणारे सूत्रकृमी दोन्ही असलेल्या मातीत रोपं सुरुवातीला जास्त जोमाने वाढली, नुसते बॅक्टेरिया असलेल्या मातीपेक्षा. म्हणजे बॅक्टेरियांनी कोंडून ठेवलेलं खत हे किडे सोडवतात. वर काही जाती किडींच्या अळ्यांमध्ये शिरून, स्वतःच्या पोटातले बॅक्टेरिया तिथे सोडून, दोन दिवसांत अळी मारतात, त्या तर पाकिटात भरून विकल्या जातात, पाण्यात मिसळून फवारायच्या. सगळ्यांना एकदम मारलं की हेही गेले, आणि रिकाम्या मातीत सगळ्यात आधी परत कोण येतं, तर बऱ्याचदा तो मुळांवरचाच, कारण त्याचं जेवण शेतात तयार उभं असतं.

## तोंडांवरून मातीचा रिपोर्ट

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. समजा एक नवी वस्ती बसतेय. पहिल्यांदा कोण येतं? तात्पुरत्या टपऱ्या टाकणारे, आज आले, चाललं नाही तर उद्या गेले. शाळा, दवाखाना, ग्रंथालय फार नंतर येतात, आणि दंगल-पूर झाला तर ते उठले की लवकर परतत नाहीत. नुसत्या टपऱ्या दिसल्या तर वस्ती नवी आहे किंवा नुकतंच काहीतरी बिनसलंय हे कळतं.

नेदरलँड्सच्या टॉम बॉन्गर्स यांनी १९९० मध्ये सूत्रकृमींना असेच १ ते ५ गुण दिले. १ म्हणजे झटपट वाढणारे, अंडी भरपूर, आयुष्य छोटं, खायला मिळालं की उसळी. ५ म्हणजे मोठे, सावकाश वाढणारे, अंडी थोडी, आणि प्रदूषण किंवा नांगरट अजिबात सहन न होणारे. मग शंभर किडे ओळखायचे आणि सरासरी काढायची. उदाहरणार्थ ६० किडे १ गुणाचे, ३० किडे २ गुणांचे आणि १० किडे ४ गुणांचे असतील तर सरासरी १.६, म्हणजे माती ढवळलेली. दुसऱ्या मातीत १० किडे एकचे, ४० दोनचे, २० तीनचे, ३० चारचे, सरासरी २.७, ही माती बरेच दिवस शांत आहे. मुळं खाणाऱ्यांना या हिशोबातून वेगळं ठेवतात, कारण ते मातीपेक्षा वर काय पेरलंय त्यावर ठरतात.

आता यावर शंका येणारच. शेणखत घातलं की बॅक्टेरिया वाढतात, त्यामागे १ गुणाचे किडे उसळतात आणि सरासरी पडते. मग काय खत घालणं वाईट? नाही ना. म्हणूनच हा आकडा एकटा वाचायचा नसतो. पुढे २००१ मध्ये हॉवर्ड फेरिस आणि बॉन्गर्स वगैरे मंडळींनी त्याचे दोन वेगळे आकडे केले, एक मातीत खाद्य किती आहे ते सांगणारा आणि दुसरा खाणाऱ्यांची साखळी किती लांब आहे ते सांगणारा. खाद्य भरपूर आणि साखळीही लांब, तर उत्तम. खाद्य भरपूर पण वरचे शिकारी गायब, तर कुठेतरी दुखतंय. रासायनिक तपासणी मातीत आज काय आहे ते सांगते, हे किडे गेल्या काही महिन्या-वर्षांत तिथे काय घडलं ते सांगतात. एकमेकांना पर्याय नाहीत हे, पण दुसरी तपासणी फारशी होत नाही आणि त्याचं कारण सरळ आहे, शंभर तोंडं ओळखणारा माणूस सगळ्या लॅबमध्ये नसतो.

## अंटार्क्टिकात कशाला जायचं?

डायना वॉल या अमेरिकन संशोधक कॅलिफोर्नियात पिकांवरच्या सूत्रकृमींवर काम करत होत्या, येट्स यांच्या त्या यादीतल्या चार सहकाऱ्यांपैकी एक त्याच, तेव्हाचं आडनाव फ्रेकमन. साधारण मातीची अडचण अशी की तिच्यात इतक्या जाती असतात की कोण काय करतंय हे सुटं करता येत नाही. म्हणून त्यांनी शोधली जवळजवळ रिकामी माती, अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज. बर्फही फारसं नाही अशा कोरड्या दऱ्या, आणि तिथल्या कित्येक ठिकाणी मातीत प्राणी म्हणून एकच, स्कॉटनेमा नावाचा सूत्रकृमी. प्रत्येक जातीचा परिणाम वेगळा बघता येईल अशी माती जगात दुसरीकडे मिळत नाही.

दशकानुदशकं तिथे जाऊन मोजल्यामुळे एक गोष्ट दिसली. २००१-०२ च्या मोसमात ऊन जास्त पडून बर्फ वितळलं, माती भिजली, आणि त्यानंतर कोरड्या मातीत रमणारा स्कॉटनेमा कमी होत गेला, ओलावा आवडणारी दुसरी जात वाढली. एका मोसमाचा धक्का मातीला कित्येक वर्षं पुरतो हे कळायला आधीची वर्षं मोजलेली असावी लागतात. वॉल यांना २०१३ मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा टायलर पुरस्कार मिळाला, अंटार्क्टिकातल्या एका दरीला त्यांचं नाव दिलंय. मार्च २०२४ मध्ये त्या गेल्या.

## आणि तो ४६ हजार वर्षांचा?

अंटार्क्टिकातले किडे कोरडं पडल्यावर जे करतात तेच याने केलं. पाण्याचा थर सुकायला लागला की काही जाती अंगातलं पाणी सोडून देतात, ट्रेहॅलोज नावाची साखर बनवतात, ती पेशींच्या आतले भाग जपते, आणि किडा गुंडाळी करून थांबतो. श्वास, पचन, सगळं मोजता येणार नाही इतकं मंद. पाणी आलं की पुन्हा सुरू. आधीचा जुना विक्रम ३९ वर्षांचा होता, वाळवून ठेवलेल्या वनस्पतीच्या नमुन्यातल्या किड्याचा. सायबेरियात कोलिमा नदीकाठी जमिनीखाली ४० मीटरवर खारीसारख्या प्राण्याचं गोठलेलं बीळ सापडलं, त्यात हा होता.

शंका दोन. पहिली, वय कशावरून? किड्याचं वय मोजलेलं नाही. त्याच बिळातल्या वनस्पतींच्या अवशेषांचं कार्बन पद्धतीने मोजलंय. मधल्या काळात किडा बाहेरून आत शिरला नसेल कशावरून, तर तो थर तेव्हापासून कधी वितळलाच नाही असा संशोधकांचा दावा आहे, आणि सगळा डोलारा त्या दाव्यावर उभा आहे. पटणं न पटणं ज्याचं त्याचं, पण प्रश्न हाच विचारायचा. दुसरी शंका, हा आता आपल्याला खाईल का? हा बॅक्टेरिया खाणारा आहे, तोंड बघितलं की कळतं.

आणि ही नवीन जात आहे हे ठरवलं कसं? जनुकं वाचली, आणि जोडीला तोंड, अन्ननलिका, शेपूट मोजली. नाव ठेवलं पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस.

## डीएनए मशीन आहे की, माणूस कशाला?

मशीन मातीतला सगळा डीएनए एकदम वाचतं आणि यादी देतं, हे खरं आणि फार उपयोगाचं. पण मशीनला नाव कुठून कळतं? आधी कोणीतरी किडा ओळखून त्याचा डीएनए नावासकट नोंदवलेला असला तर. नावं मिळालेल्या जाती पंचवीस-तीस हजारांच्या घरात, खऱ्या किती असतील याचे अंदाज दहा लाखांपर्यंत जातात. म्हणजे मशीन म्हणतं, हा कोणीतरी सूत्रकृमी आहे, पुढे माहीत नाही. शिवाय मोठ्या किड्यात पेशी जास्त म्हणून डीएनए जास्त, त्यामुळे किती किडे होते ते नीट कळत नाही, आणि मेलेल्याचा डीएनएही काही काळ मातीत राहतोच.

दरम्यान ओळखणारी पिढी निवृत्त होतेय. एक चांगला डोळा तयार व्हायला वर्षं लागतात, आणि नुसत्या नव्या जातीच्या वर्णनाला मोठी जर्नलं जागा देत नाहीत, त्यामुळे तरुण मुलं डीएनएकडे वळतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

यातून एक विचित्र काम तयार झालंय. जुन्या जातींचे मूळ नमुने, कॉबच्या काळापासूनचे, अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला आणि नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला काचेत बंद आहेत. ते फॉर्मॅलिनमधून गेलेले, त्यामुळे त्यांचा धड डीएनए सहसा निघत नाही. म्हणजे नाव आहे तिथे डीएनए नाही आणि डीएनए आहे तिथे नाव नाही. मग आजचा विद्यार्थी काय करतो, तर शंभर वर्षांपूर्वीच्या पेपरात लिहिलेली जागा शोधतो, अमुक नदीच्या काठी तमुक झाडाच्या मुळाशी, तिथे जाऊन पुन्हा माती घेतो, फनेल लावतो, जुन्या चित्राशी तोंड ताडून बघतो, जुळलं तर आधी फोटो आणि मग त्याच किड्याचा डीएनए. कधी कधी त्या जागी झाड नसतं, पार्किंग असतं.